पिवळी वायर

वायर शोधायला ती सामानाच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. आत एक अनोळखी माणूस अनवाणी पायांनी, पँट घोट्याच्या वर दुमडून, पसरट लाकडी खोक्यातल्या ओल्या खडीवर जागच्या जागी चालत होता. समोर स्टँडवर माइक. त्याने तिच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं… आणि चालतच राहिला.

या मुलीला गप्प करणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. अख्ख्या चौथ्या मजल्यावर तिला ‘कात्री’ म्हणत, ते तिच्या अबोलपणामुळे नव्हे. पण त्या एका बोटाने काय जादू केली कोण जाणे – एक पाय टेकलेला, दुसऱ्याची टाच उचललेली, अशी ती तिथेच उभी राहिली. चांगली चार मिनिटं. चार जिने धावत चढल्याने श्वास फुलला होता, तेवढा मात्र तिला आवरेना.

शेवटी तो थांबला.

“तुमचा श्वास आलाय रेकॉर्डिंगमध्ये.”

“सॉरी… मी फक्त वायर न्यायला आले होते.”

“पिवळी? ती खोक्याच्या मागे आहे.” मग हसू दाबत म्हणाला, “टाच टेकवलीत तरी चालेल आता.”

वायर उचलून ती जी सुटली, ती आपल्या खुर्चीवर येऊनच थांबली. कान तापले होते. जिन्यांमुळे असतील, असं तिने स्वतःला समजावलं.

त्या खुर्चीवर बसून तिला जेमतेम आठवडा झाला होता. सात वर्षांपूर्वी ती या व्हिडिओ गेमच्या कंपनीत आली, ती गेममधल्या भिंतींना दिवसभर धडका देऊन कुठली भिंत पोकळ राहिली आहे ते शोधायच्या कामावर. मग प्रोग्रामर झाली, मग प्रोग्रामरांची प्रमुख, आणि आता टेक्निकल डायरेक्टर. आई शेजारणींना अजूनही “ती कम्प्युटरमध्ये असते” एवढंच सांगे, जणू लेक आत राहायलाच गेली आहे. खरं काम वेगळंच होतं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं पळतात. एका चित्राच्या वाट्याला येतो सेकंदाचा साठावा भाग, आणि तेवढ्यात धुकं, दिवे, पाऊस, आवाज अशा सगळ्यांचं भागवायचं. प्रत्येकाला आपल्यासाठी जास्त हवं असतं आणि सगळ्यांना नाही म्हणायचं काम हिचं. म्हणून कात्री.

आता तयार होत होता तो गेम डोंगरातल्या पावसात घरोघरी पत्रं पोचवणाऱ्या मुलीचा. तिच्या पावलांचे आवाज करायला तो माणूस तीन महिन्यांच्या करारावर आला होता. त्याला लगेचच ‘पावलंवाला’ हे नाव पडलं.

दुसऱ्याच आठवड्यात कात्री त्याच्यावर चालली. एकट्या खडीसाठी पावलांचे बारा वेगवेगळे आवाज कशाला, चार पुरेत, असं तिने भर बैठकीत सांगितलं. त्याने वाद घातला नाही. फक्त विचारलं, “तुम्ही रोज एकसारख्याच चालता का?”

“म्हणजे?”

“सोमवारी तुम्ही टाचा आपटत येता. काम मनासारखं झालं की चवड्यांवर. आणि आईचा फोन असला की… डावा पाय जरा घासतो.”

तिने कागद वर-खाली केले आणि आठ पावलं मंजूर केली. कात्रीने कापलेलं परत दिलं, ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौथ्या मजल्यावर सर्वतोमुखी झाली.

त्यानंतर त्या पिवळ्या वायरीला काय झालं होतं, देव जाणे. गेमचा कन्सोल पडद्याला जोडायला पुरेशी लांब अशी ती एकच. तपासणीच्या टेबलावर ठेवावी, तर दोन दिवसांत सामानाच्या खोलीत सापडायची. तिने सगळ्यांना फैलावर घेतलं, टेबलावर चिठ्ठी डकवली. व्यर्थ. मग जावं लागायचं तिलाच. दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं, हे तिला कधी सुचलं नाही. गेलं की तो काहीतरी ऐकवायचा – ओलं गोणपाट तुडवून केलेला चिखल, पिठाची पिशवी दाबून केलेला बर्फ – आणि डोळे मिटून ओळखा म्हणायचा. ती डोळे मिटायची. कानावर हेडफोन ठेवताना त्याची बोटं तिच्या केसांना लागायची… आणि हिशोबात पक्की असणारी ही बाई बर्फाला चिखल म्हणायची.

तीन महिने असे भुर्रकन गेले. शुक्रवारी सकाळी अकराला गेमला पैसे पुरवणारे पाहुणे येणार होते. खेळ पाहून गेम पुढे करायचा की गुंडाळायचा ते ठरवणार होते. त्याच दिवशी पाच वाजता पावलंवाल्याचा करार संपत होता. सोमवारपासून सहा महिने त्याचं काम दुसऱ्या शहरात. त्याच्या कामावर सही तिची, म्हणून ती मनातलं मनातच ठेवून होती. पण सहीनंतर तरी कुठल्या तोंडाने बोलायचं? त्याच्या मनात काही नसलं तर?

आणि गुरुवारी दुपारी गेम पुलावर अडखळला. टपालवाली पुलावर पाऊल टाकायची आणि पडदा क्षणभर गोठायचा. प्रत्येक वेळी, तिथेच. तिने धुकं बंद केलं, पाऊस थांबवला, नदी आटवली. प्रत्येक चित्राला लागणारा वेळ दाखवणाऱ्या आलेखावरचा लाल सुळका हलेना. शेवटी आवाजांची यादी उघडली. पुलावर पाय पडताच एक अगडबंब फाईल एका दमात उघडत होती. नाव होतं ‘काढू नका’. तारीख त्याच्या पहिल्या दिवसाची.

तिने हेडफोन चढवले. खडीवरची पावलं. मागे कुणाचा तरी फुललेला श्वास… स्वतःचा श्वास ओळखायला तिला थोडा वेळ लागला. पुलावर दम खाणाऱ्या टपालवालीला त्याने तिचा श्वास दिला होता. पुढे सॉरी, वायर, पळणारी पावलं, दार. इथे कुणीही फाईल कापली असती. हा गडी कापायलाच विसरला होता. रेकॉर्डिंग चालूच होतं आणि त्याचा आवाज, अगदी माइकजवळ:

“कोण होती ही…” मग खडीवर दोन-तीन पावलं. मग, “वायर परत इथेच आणून ठेवली पाहिजे. न्यायला येईल तरी.”

तिला आनंद झाला. साधा, सरळ, उड्या माराव्यात असा आनंद. पण खुर्ची होती, आणि आजूबाजूला माणसं होती. तिने तोंडावर हात दाबला, शेवटची दोन वाक्यं पुन्हा ऐकली, मग आणखी सहा वेळा. नंतर चार मिनिटांतले श्वासाचे सहा सेकंद ठेवले आणि बाकी सगळं कापलं. लाल सुळका बसला.

शुक्रवारी टपालवाली पुलावर आली, थांबली, तिने दम घेतला आणि न अडखळता पुढे गेली. पाहुण्यांना काहीच जाणवलं नाही. मागे उभ्या असलेल्या पावलंवाल्याला मात्र जाणवलं. सहाच सेकंद… म्हणजे फाईल कुणीतरी उघडली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच पाहत होती. या वेळी कान त्याचे लाल झाले.

पाहुण्यांनी गेम पुढे करायला होकार दिला. पेढे नाहीत तर नाहीत, टाळ्या पुष्कळ झाल्या. पाच वाजता तिने कराराच्या कागदावर सही केली आणि पाच वाजून दोन मिनिटांनी सामानाच्या खोलीत पोचली. खडी पोत्यात भरून झाली होती. तो माइकचा स्टँड उगाच दुमडत आणि उघडत होता.

“मी तुमची फाईल कापली.”

“कळलं मला. पूर्ण ऐकलीत?”

“आठ वेळा.”

त्याने स्टँड खाली ठेवला. “मी सांगणारच होतो. रोज ठरवायचो, आज वायर न्यायला आली की सांगू. मग तुम्ही डोळे मिटायचात आणि… राहून जायचं.” तो थांबला. “तुम्ही मला फार आवडता. आता निघताना सांगतोय, बावळटासारखा.”

“चौदा वेळा मी या खोलीत आले. वायरीसाठी एकदाच,” ती म्हणाली. आवाज थोडा कापला, पण वाक्य पुरं झालं.

तो हसला आणि मग सोमवार आठवून त्याचं हसू मावळलं. सहा महिने, तो म्हणाला. दुसरं शहर.

तिने पाठीमागचा हात पुढे केला. हातात पिवळी वायर होती, नीट गुंडाळलेली. ती तिने त्याच्या बॅगेत घातली आणि चेन ओढून घेतली.

“अगं, ही कंपनीची आहे,” तो म्हणाला. “तपासणी कशी होईल सोमवारी?”

“वायरीशिवाय नाहीच होणार,” ती म्हणाली. “ती न्यायला मला तिकडे यावं लागेल. रविवारी घरी असशील ना?”