बारा मिलिमीटर

माझी नोकरी वजनमापं तपासण्याची. दुकानांतले, गोदामांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर बंद करायचे. वीस वर्षं हेच केल्यामुळे माणसाच्या बोलण्यापेक्षा काट्यावर माझा जास्त विश्वास. नवरा म्हणतो, लग्नाला होकारसुद्धा मी दोनदा मोजून दिला. तो दातांच्या कवळ्या बनवतो. आठवडाभर परक्या माणसांचे दात हातात घेऊन बसणाऱ्याला रविवारी मोकळी हवा लागते, आणि शिडाची बोट शिकायची टूमही त्याचीच.

शहराबाहेरच्या मोठ्या तलावावर शिडाच्या बोटींचा एक क्लब आहे. लाकडी धक्का, पत्र्याची शेड, ओल्या दोरांचा आणि रंगाचा वास. शिकवणाऱ्या वयस्कर गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचा पहिला धडा एकच होता: वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला बसा. वारा शिडाला ढकलतो, बोट पलीकडे कलते, तुमच्या वजनाने ती सरळ राहते. एवढंच. नवऱ्याला ते तीन महिन्यांत जमलं नाही. वारा एकीकडे, शीड दुसरीकडे आणि आमची स्वारी तिसरीकडे. सहा वेळा आम्ही पाण्यात पडलो. मास्तर त्यांच्या मोटरबोटीतून यायचे, आम्हाला वर ओढायचे आणि म्हणायचे, "पोहायला मात्र छान शिकलात."

तरीही स्वतःची बोट हवी असं आम्हाला वाटायला लागलं. मास्तरांनी शेडमागची एक निळी बोट दाखवली. दोन माणसांची, लांबीला पंधरा फूट. तिचे मालक भूगोलाचे निवृत्त सर होते. चार रविवार चालवून बघा, मग ठरवा, म्हणाले.

"दोघंच असता ना घरी?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हीही दोघं चालवायचात का?"

"मी एकटा असतो," ते म्हणाले आणि शेडची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवून निघून गेले.

जुनी बोट घेताना आधी ती गळते का ते बघावं, हे मास्तरांनी सांगितलं होतं. पाण्याच्या पातळीवर रेघ मारायची आणि तासाभराने बघायची. मी माझ्या पद्धतीने केलं. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून, मधोमध मेणाच्या पेन्सिलीने मिलिमीटरच्या खुणा केल्या. कार्यालयातून आणलेली वीस किलोची लोखंडी वजनं मधल्या बाकावर ठेवून पाहिली. वीस किलोला बोट चार मिलिमीटर बुडत होती. चाळीसला आठ. माझं वजन साठ, म्हणजे बारा. नवरा बसला की पंधरा. दोघं बसलो की सत्तावीस, ना कमी ना जास्त. तासाभराने रिकाम्या बोटीची रेघ जिथल्या तिथे. थेंबभर गळती नव्हती.

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

"झालं."

त्या रविवारी आम्ही एकदाही पडलो नाही. वारा होता, नवरा सवयीप्रमाणे चुकीच्या बाजूला बसला होता, मी शिडाचा दोर ढिला सोडायला विसरले होते. बोट कलायला लागली आणि आपणहून सावरली. नवरा खुशीत आला. मास्तरांनी लांबून हात केला.

दुसऱ्या रविवारी दोघं बसल्यावर मी मागे वाकून खुणा पाहिल्या. तीस. सत्तावीस हवे होते. पाणी हललं असेल म्हणून थांबले, पुन्हा पाहिलं. तीसच. उतरून रिकामी बोट पाहिली, तर रेघ शून्यावर. पुन्हा चढलो, तीस. पंधरा किलो कुठून आले?

"कालचं जेवण असेल," नवरा म्हणाला.

घरी जाऊन मी दोघांचं वजन केलं. काटा मीच तपासलेला. तो पंचाहत्तर, मी साठ. फरक नाही.

तिसऱ्या रविवारी खुणेवर चौतीस होते. मी बोटीतली प्रत्येक वस्तू धक्क्यावर काढली. दोर, वल्ही, पाणी उपसायचा डबा. तळाच्या फळ्या उचकटून हात घातला, आत कोरडं ठणठणीत. पुन्हा बसलो. चौतीस. सात मिलिमीटर जास्त, म्हणजे पस्तीस किलो. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण नवऱ्याने शीड वर चढवलं होतं.

तलावाच्या मध्यावर वारा जोरात लागला. आम्ही दोघंही एकाच बाजूला होतो, तीही चुकीची. बोट उलटायलाच हवी होती. ती सपाट चालत राहिली, जसं पलीकडे कोणी बाहेर झुकून बसलंय. समोरच्या रिकाम्या बाकाकडे मी बघत राहिले.

नवरा मोठ्याने हसला.

"काय झालं?"

"तूच म्हणालीस ना, सुकाणू इतकं घट्ट धरू नकोस, ती काही कवळी नाही कोणाच्या तोंडातून निसटायला."

"मी काही बोलले नाही."

"अगं, आत्ता म्हणालीस." तो माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या बाकाकडे बघत होता.

धक्क्याला लागलो तेव्हा मास्तरांनी दोर पकडला. "आता शिकवण्यासारखं काही राहिलं नाही," ते म्हणाले. "तोल काय साधलाय! कागद करून टाका."

मी बुधवारी कार्यालयातून भूगोलाच्या सरांना फोन केला.

"बोटीत काही दोष आहे का?"

"नाही."

"तिच्यात वजन जास्त भरतंय. कसलं ते कळत नाही."

त्यांनी विचारलं, "किती?"

"सात मिलिमीटर."

"ते मला समजत नाही. माणसाच्या हिशेबात सांगा."

"अर्ध्याहून थोडं जास्त."

फोनमध्ये मागून एका बाईचा आवाज आला. "अहो, कोणाचा फोन आहे?"

त्या बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी अगदी फोनजवळून. "अहो, ऐकताय ना? कोण आहे?"

"सर, तुमच्या घरातून कोणीतरी विचारतंय," मी म्हणाले.

"मी एकटा असतो," सर म्हणाले. "सांगितलं होतं तुम्हाला." आणि फोन ठेवला.

मी नवऱ्याला सांगितलं, आपल्याला ती बोट नको. तो रागावला नाही, त्याने वादही घातला नाही. "बरं," म्हणाला. लग्नाच्या अठरा वर्षांत इतक्या सहज "बरं" तो पहिल्यांदाच म्हणाला असेल.

रविवारी मी जागी झाले तेव्हा तो घरात नव्हता.

टॅक्सी करून मी तलावावर पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. आभाळ भरून आलं होतं, वारा बोचत होता. धक्क्यावर मास्तर एकटेच होते.

"लवकर परतलात," ते म्हणाले. मग तलावाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण तुम्ही तर... मी स्वतः तुम्हाला दोघांना..."

त्यांनी तलावाकडे हात केला.

निळी बोट लांब होती, वेगात होती. मला नवरा स्पष्ट दिसत होता. सुकाणू धरून, नेहमीसारखा चुकीच्या बाजूला. अशा वाऱ्यात एकट्या माणसाची बोट केव्हाच आडवी झाली असती. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ येत होती.

तो बोलत होता. शब्द कळत नव्हते, पण रोजचा सूर कळत होता. रविवारी सकाळी चहा घेताना तो माझ्याशी बोलतो तो सूर.

मी हाका मारल्या. चौथ्या हाकेला त्याने मान वळवली.

बोट धक्क्याला आली. मास्तरांनी दोर धरला. मी आधी मागची फळी पाहिली. एकट्या नवऱ्याला पंधरा हवे होते.

सत्तावीस.

पुरते बारा मिलिमीटर जास्त. साठ किलो.

"उतर," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता खाली उतर."

तो माझ्याकडे बघत होता. दुकानदाराने गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, हसतमुख आणि लांबून.

"अरे, ऐकतोयस ना? मी आलेय."

"या ना," तो म्हणाला. "एक फेरी मारायची असेल तर या. वारा छान आहे."

मला त्याला दंडाला धरून खाली ओढायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं. मी बोटीच्या काठाला धरलं, एक पाय आत टाकला, मग दुसरा. पाय टाकला की बोट हलते, दबते. तसं काहीच झालं नाही. जमिनीवर उभं राहावं तशी मी उभी राहिले.

मी मागे वाकून खुणा पाहिल्या.

सत्तावीसच.

मी पुन्हा पाहिलं. एक पाय आपटला. पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

"मास्तर," मी म्हणाले. "मास्तर, मी दिसतेय ना तुम्हाला?"

मास्तर दोर सोडत होते. ते बोटीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

नवऱ्याने समोरच्या बाकाकडे पाहिलं.

"अगं, सरक ना जरा," तो हळूच म्हणाला. "या बाईंना बसू दे."

बोट किंचित डुलली.

मी त्या बाकावर टेकले. सकाळपासून ऊन पडलं नव्हतं, लाकूड सगळीकडे गार आणि ओलसर होतं.

मी बसले ती जागा तेवढी कोरडी होती. आणि उबदार.