पाठनिरीक्षण

गणित विभागाचं प्रमुखपद मलाच मिळणार, हे शाळेत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी तर पेढे वाटायच्या थाटात फिरत होतो. जुने सर निवृत्त झाले आणि व्यवस्थापनाने बाहेरून एक बाई आणून माझ्या डोक्यावर बसवल्या. राग आला, आणि तो मी लपवलाही नाही.

बाईंनी आल्या आल्या फर्मान काढलं: प्रत्येकाच्या तासाला त्या येऊन बसणार. माझ्या नववीच्या वर्गात आल्या तेव्हा मी साधी खुर्चीही पुढे केली नाही. त्या शेवटच्या, मोकळ्या बाकावर जाऊन बसल्या. ना कागद, ना पेन. हात मांडीवर ठेवून तासभर नुसत्या बघत राहिल्या. वर्गात खडू आणि ओल्या फडक्याचा रोजचाच वास होता, पण मी एकच ओळ फळ्यावर दोनदा लिहिली.

जाताना पहिल्या बाकावरच्या माझ्या मुलीपाशी थांबल्या. "ही तुमचीच ना? हुशार दिसते. वाया जातेय."

"माझी मुलगी माझ्याकडे शिकते," मी म्हणालो. "तुम्ही काळजी करू नका."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर समीकरण लिहून एका मुलाला उभं केलं. तो उठला, मागे वळला आणि शेवटच्या बाकाला उत्तर देऊन खाली बसला. बाक रिकामा होता. कोणी हसेल म्हणून मी वाट पाहिली. कोणी हसलं नाही.

आठवड्याभरात सगळा वर्ग शंकाही तिकडेच विचारू लागला. विचारून झालं की पोरं जरा थांबायची, माना डोलवायची आणि लिहून घ्यायची. चिडवतायत झालं, असं मी स्वतःला बजावलं. भूमितीच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी चहाच्या कपातून मान वर केली नाही. "मी आता नुसती हजेरी घेते," त्या म्हणाल्या. "भांडून काय मिळतं?"

माझी मुलगी तेवढी माझ्याकडे बघायची. तेवढ्या बळावर मी तग धरून होतो.

"मागे कोण असतं गं?" एकदा घरी येताना विचारलं.

"मी नाही बघत, बाबा," ती म्हणाली. "पण न बघून मान दुखते."

मग मी एका तासाला तोंडच उघडलं नाही. फळा कोरा ठेवला आणि टेबलाला टेकून उभा राहिलो. पेनं चालत होती. फिरून वह्या पाहिल्या. प्रत्येक वहीत पुढचं प्रकरण अर्ध्यावर आलं होतं, आणि रीत माझ्यापेक्षा सोपी होती. हे सांगताना आजही अंगाचा तिळपापड होतो. खिडकीतून दिसत होतं, बाई मैदानापलीकडे कार्यालयाच्या पायरीवर उभ्या होत्या. हात तसेच, मांडीवर ठेवल्यासारखे पुढे धरलेले.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "माझ्या वर्गातून उठा आता."

"अजून निरीक्षण संपलं नाही," त्या म्हणाल्या. "एकच राहिलीय."

"तिला हात लावायचा नाही."

"मी कोणालाच हात लावत नाही, सर."

त्या संध्याकाळी मी मुलीला जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं. म्हटलं, उद्यापासून शाळा बदलू, आज अभ्यास माझ्याजवळ कर. ती हो म्हणाली. वही उघडली. मी उदाहरण समजावायला लागलो.

ती ऐकत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

मी थांबलो.

तिने मान डोलावली. माझं उदाहरण खोडलं. खाली नवीन रीत लिहायला घेतली. तिची मान आता दुखत नसावी.

"इकडे बघ," मी म्हणालो. "बाळा, माझ्याकडे बघ."

"बाबा, तास चालू आहे," ती हळूच म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं. भिंतीपर्यंत नुसती मोकळी फरशी.

बायको स्वयंपाकघरातून पाण्याचा जग घेऊन आली, आणि सरळ न येता त्या मोकळ्या फरशीला वळसा घालून टेबलापाशी पोचली.