वळणावरच्या देवाचा दगड

आलापल्लीहून अहेरीकडे येताना सागाच्या दाटीत एक वळण आहे. तिथल्या देवापुढे येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो. उचलत कुणी नाही. दिव्यानीने उचलला.

तिचाही नाइलाज होता. वारलेल्या बाबांची जुनी गाडी आज थंड हवा देऊ लागली नाही, तर आई उद्या ती भंगारवाल्याच्या हवाली करणार होती. एसीत गॅस भरायचा, तर एकाने बोनेटमध्ये गॅसच्या डब्याची नळी धरायची आणि दुसऱ्याने आत बसून रेस द्यायची. त्या वळणावर दुसरं कुणी नव्हतं. म्हणून देवाचा दगड अॅक्सिलरेटरवर.

तेवढ्यात प्रणितची बाइक थांबली. कॉलेजची सगळी वर्षं तिच्या मागच्या बाकावर बसून हा नुसता खोकला होता. आज बोलला.

"आत कोण बसून आहे?"

"कोणी नाई. दगड आहे."

"दगड... रेस कमी-जास्त करते?"

दिव्यानीने कान दिला. ती डबा हलवी तेव्हा रेस वाढे, थांबली की उतरे — समजून-उमजून. मे महिन्याची दुपार, पान हलत नव्हतं, आणि तिच्या हातावर काटा.

देवाचा दगड घेतलाच काऊन, असं पुटपुटत प्रणितने तो काढला, शर्टाला पुसून जागेवर ठेवला, वर आपला एक ठेवला. परत आला तर डबा बर्फागत गार, तिची बोटं बधिर. त्याने तिच्या हातावर हात ठेवला...

घर्रर्र! रिकाम्या गाडीने रेस घेतली.

प्रणितचा चेहरा वाळल्या पानागत झाला. हात मात्र तिथेच राहिला.

"मी जाऊ?"

"काऊन?"

"कोणाले तरी मी आवडून नाई राह्यलो."

दिव्यानीने ती रेस ओळखली. फाटकाशी एखादा मुलगा रेंगाळला, की बाबा अंगणात उभ्या गाडीत बसून अशीच रेस द्यायचे. गाडी जागची हलत नसे, मुलगा हले.

ती रिकाम्या सीटकडे वळली. "बाबा, राहू द्या. यानं अजून विचारलं नाई, पण मी हो म्हणून राह्यली."

रेस उतरली. सावकाश, नाराजीनेच.

डबा संपला. आत हवा गार झाली होती.

दिव्यानी स्टिअरिंगवर बसली. प्रणित बाइक झाडाखाली लावून आला आणि मागच्या सीटवर बसला. पुढची तिच्या बाजूची जागा रिकामी ठेवायची, हे कुणी कुणाला सांगितलं नाही.