विमानवाल्यांची टेकडी

तो पालथा पडला होता. वीतभर रोपाशेजारी, गाल मातीला टेकवून, अगदी निपचित. मला वाटलं, गेला. माझ्या मनात आधी वाईटच येतं, त्याला मी तरी काय करणार?

"अहो... ऐकू येतंय का? डॉक्टरांना बोलावू?"

"हळू," तो जराही न हलता म्हणाला. "वाळवी कुठून येतेय ते बघतोय."

मग मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. गालावर माती, डोळ्यांत हसू. "आपण कोण?"

"तपासणीला आलेय."

"तपासणी उद्या आहे."

खरंच, उद्याच होती. उशीर होईल या धास्तीने मी चक्क एक दिवस आधी येऊन उभी राहिले होते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "बरं झालं. उद्या मी दाढी करून आलो असतो, तुम्हाला उगाच गैरसमज झाला असता."

आमचं ऑफिस सुट्टीला विमानाने जाणाऱ्यांना झाडं विकतं. तुम्ही खुशाल फिरून या, तुमच्या विमानाने जो कार्बन हवेत सोडला त्याच्या बदल्यात आम्ही झाडं लावतो आणि जगवतो. ती खरोखर जगतात का, हे बघणं माझं काम, आणि ही टेकडी सांभाळणं त्याचं. आजूबाजूचे लोक तिला विमानवाल्यांची टेकडी म्हणत, आणि ऑफिसात त्याला सगळे टेकडीवाला म्हणत. त्यावरून मी मनाशी कुणी पिकल्या मिशांचे काका धरून बसले होते.

तपासणीची रीत साधी. कुठल्या ओळी बघायच्या ते मी ऐनवेळी ठरवायचं. रोप सुकल्यासारखं दिसलं तर खोडाची साल नखाने एकदा ओरखडायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलं. आणि तपासणीसाने टेकडीवरचं काहीही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा.

"चहा?" त्याने थर्मास उघडला.

"नियमात बसत नाही."

"वास घेतलेला बसतो का?" त्याने कप दगडावर ठेवला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि दोन बोटं सरकवला. वाफ थेट माझ्या तोंडावर. मी अहवालात मान खुपसली, पण ओठ काही ऐकेनात.

पुढे मी टेकडीवर जरा जास्तच जाऊ लागले. पायवाट नीट आहे का, पाटी पडली नाही ना, अशी निमित्तं ऑफिसात सांगायची. तो सगळी ओळखून होता. "आज काय, ढग मोजायला?" असं विचारायचा. मी चिडले की खाली बघून हसायचा, आणि ते हसू मी घरी घेऊन जायचे.

त्या वर्षी पाऊस रुसला.

सुट्टीला विमानाने जाऊन आलेल्या ताईनेही आमच्याकडून याच टेकडीवरची झाडं घेतली होती. तिचा फोन आला. "अगं, आमची झाडं कशी आहेत? तुझे भावजी सगळ्यांना सांगत सुटलेत, आपण आपला धूर फेडला म्हणून. आता पुढच्या सुट्टीचीही तिकिटं बघतायत."

"ठीक असतील," मी म्हटलं. ताईचं विमान कधीच उडून उतरलं होतं, तिच्या बॅगासुद्धा माळ्यावर गेल्या होत्या. झाडांना मात्र अजून कितीतरी वर्षं जगायचं होतं.

"आणि तो टेकडीवाला?"

"त्याचं काय?"

"काही नाही. तू झाडांपेक्षा त्याच्याबद्दल जास्त बोलतेस म्हणून विचारलं."

त्या तपासणीला मी धास्तावूनच गेले. निम्म्याहून जास्त रोपं मेलेली निघाली तर ऑफिस टेकडी सोडणार, आणि त्याचं काम सुटणार. काम सुटलं की तो जाणार. कुठे, ते विचारायचा धीरही मला नव्हता.

पहिलं रोप ओरखडलं. तपकिरी. म्हटलं, जरा खाली बघू... तपकिरी. आणखी खाली, मुळाशी... तिथेही तेच. मी चौथ्यांदा नख लावलं तेव्हा तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"मेलंय ते," तो म्हणाला. "एकदाच ओरखडायचं, तुम्हीच सांगितलं होतंत."

"कदाचित—"

"मी रोज पाणी वाहिलंय हो याला. मला माहीत आहे. मेलं म्हणून लिहा."

"लिहिलं तर तुम्ही जाल," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

वरून एक विमान गेलं, पार दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मग तो हळूच म्हणाला, "आणि नाही लिहिलंत तर? गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेतून घरी परतणाऱ्या बाई तुम्ही. असलं काही मनावर घेऊन जगणार कशा?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली ती वेगळीच. माझा हात खोटं शोधत होता, आणि ते मला त्याने दाखवावं लागलं. त्याच क्षणी कळलं की माझं या माणसावर प्रेम आहे, आणि म्हणूनच या टेकडीवर माझ्या नजरेचा भरवसा नाही.

मी तिथूनच ऑफिसात मॅडमना फोन लावला. "मॅडम, इथे बरीच रोपं गेली आहेत. पण तपासणी मी नाही करू शकत, दुसरं कुणी पाठवा."

"का गं? बरं नाही का?"

"तसं नाही..."

"मग? नात्यातला माणूस असेल तरच तपासणीस बदलता येतो, माहीत आहे ना? कोण लागतो तो तुझा?"

तो समोरच उभा होता, पाण्याची झारी हातात तशीच. फोन ठेवून सरळ उतारावरून पळावं असं वाटलं.

"अजून कुणी लागत नाही, मॅडम," मी म्हणाले. "पण... लागावा अशी माझी इच्छा आहे."

मग मॅडम म्हणाल्या, "बरं. उद्या दुसरा माणूस पाठवते. पण टेकडी वाचेलच असं नाही हं."

फोन बंद झाला. मी मान वर करीना. झारी खाली ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं. पार माझ्यासमोर येऊन थांबली.

"टेकडी गेली तर मी बिनकामाचा होईन," तो म्हणाला. आवाज थोडा कापत होता, आणि तो कापतो हे मला पहिल्यांदाच कळलं. "चालेल तुम्हाला?"

"मला फार काळजी वाटेल."

"ती तुम्हाला तशीही वाटतेच."

"हो," मी म्हटलं. "मग चालेल."