बर्गिटच्या जेवणाचा मासा

दार लोटून घ्या, पोरांनो. चारलाच असा अंधार पडला की मला आयव्हर आठवतो. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही, त्यानंच मला सांगितलेली. इथे अलास्कात, सिटकाच्या याच धक्क्यावर त्याची बोट माझ्या बोटीला लागून असायची.

त्याची बायको बर्गिट नोव्हेंबरात समुद्रात गेली. तो पुढे सुकाणूवर, ती मागे गळांच्या दोरांशी. त्यानं वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. तिनं हाक मारली असेलही, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? देह सापडला नाही. "मला ऐकू कसं आलं नाही, गस?" एवढंच तो मला विचारायचा.

चर्चमध्ये प्रार्थना आणि मागून जेवण दहा जानेवारीला ठरलं. बर्गिटची जीभ तिखट. कुणाच्याही मयताच्या जेवणाहून परतली की नवऱ्याला बजावायची, "माझ्या वेळी फ्रीजरमधला मासा वाढलास ना, तर बघच." म्हणून बुधवारी, आठ तारखेला, आयव्हर ताज्या किंग सॅमन माशासाठी निघाला. मी येतो म्हटलं, तर म्हणाला, "तिच्या जागी कुणी नको."

चार दोर पाण्यात सोडून तो दिवसभर बोट हळूहळू फिरवत राहिला. थंडीतला सॅमन जावयासारखा, मनधरणी केल्याशिवाय येत नाही. एकही लागला नाही. पावणेचारला सूर्य बुडाला. दोर वर घ्यायची वेळ झाली.

तेवढ्यात दोराच्या काठीवरची घंटी वाजली, मासा लागला की वाजते ती.

त्यानं दोर ओढला. गळ रिकामा. पुन्हा सोडला. पुन्हा घंटी... पुन्हा रिकामा.

मग त्यानं जे केलं, ते तुमच्यातलं शेंबडं पोरही करणार नाही. चारही दोर खाली असताना इंजिन बंद केलं. बोट थांबली की दोरांना बांधलेले शिशाचे गोळे तळाला जाणार, गळ खडकांत अडकणार, हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्याला ऐकायचं होतं.

"बर्गिट," तो म्हणाला, "आता बोल. आता ऐकू येईल."

काही नाही...

पाणी. अंधार.

मग मागे काहीतरी ठिबकायला लागलं. ओल्या कपड्यांतून ठिबकावं तसं. अगदी जवळ.

तो वळला नाही. वळलो तर ती जाईल, एवढीच त्याला भीती. तसाच उभा राहिला. किती वेळ, त्यालाही सांगता आलं नाही.

ठिबकणं थांबलं...

खडकांत अडकलेले चारही दोर कापून तो रिकाम्या हातानं परतला.

गुरुवारी सकाळी मी त्याच्या बोटीवर गेलो. "मिळालं काही नाही, बर्फ तेवढा टाकून दे," म्हणाला. मी माशांची बर्फाची पेटी उघडली. आत किंग सॅमन होता, चांगला वीस पौंडांचा. साफ केलेला. पोटात बर्फ नीट भरलेला, बर्गिट भरायची तसा. आयव्हरनं त्याच्यावर हात ठेवला आणि तिथेच बसून हुंदके देऊन रडला. मलाही आवरलं नाही.

शुक्रवारी तिच्या जेवणाला आलेले सगळे तो मासा जेवले.

एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. मासा उचलताना मी त्याचं तोंड उघडून पाहिलं होतं. वरचा जबडा, खालचा जबडा... गळ लागल्याची खूण कुठेच नव्हती.