नव्या कप्तानाची आई

हसताय कशाला? जनरेटरवाला डिझेल आणायला गेलाय, तासभर लाइट येत नाही. ते मोबाईल ठेवा खाली आणि ऐका. यातलं बरंचसं मला मेकअपवाल्याने सांगितलं. शेवटचं मात्र मी या डोळ्यांनी पाहिलंय.

मेकअपवाला माझा जुना दोस्त. 'कप्तान' या पात्राचे ते सिनेमे, त्या सगळ्यांत हिरोच्या गालावरचा खोटा व्रण यानेच चिकटवला. हिरो त्याला 'मास्तर' म्हणायचा. हिरो वारला तेव्हा चाहत्यांना शेवटचं दर्शन कप्तानाचंच हवं होतं. मग काय, याने मेलेल्या माणसाला रंगवलं, व्रण लावला. नंतर तो उतरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तसाच स्मशानात नेला त्याला.

पुढे कंपनीने नवा कप्तान शोधायला घेतला. मेकअपवाल्याने गळ घातली आणि काम त्याच्या भाच्याला मिळालं. बहिणीचा एकुलता एक. नवरा लवकर गेलेला, शिवणकाम करून पोराला वाढवलं होतं तिने. ताई नुसती हरखून गेली होती.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार. शूटिंगचा पहिला दिवस संपला, रात्रीचे अकरा वाजले असतील. ताईचा फोन आला, "दमला असेल रे, तूच सोड त्याला घरी." काम एवढंच.

पण व्रण काही निघेना. तेल झालं, स्पिरिट झालं. भाचा कळवळला, "मामा, कातडी ओढली जातेय!"

"बरं बाबा, घरी गरम पाण्याने काढू." याने गाडी काढली. पोरगं मागच्या सीटवर आडवं झालं.

रस्ता रिकामा. थोड्या वेळाने याने आरशात पाहिलं. पोरगं ताठ बसलेलं. डोळे मिटलेले.

"झोप नाही का लागली रे? अरे, बोल की!"

"हळू चालवा, मास्तर."

तो आवाज भाच्याचा नव्हता. मागे वळायची हिंमत होईना.

"माझा भाचा… भाचा कुठाय माझा?"

"माझी जागा त्याला दिलीत ना? मग त्याची…"

याने गाडी तशीच ताईच्या दारापर्यंत नेली.

ताईने दार उघडलं. उजेड त्या चेहऱ्यावर पडला. वय भाच्याचं. चेहरा मेलेल्या हिरोचा. गालावर व्रण नव्हताच आता. मेकअपवाला ओरडला, "ताई, आत घेऊ नकोस! हा आपला नाही गं!"

ताई दचकली, मग भडकली. "शुद्धीवर आहेस का? माझ्या पोराला मी ओळखत नाही?" तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "दमलास ना, राजा? हात धू, वाढते."

"हो, आई."

तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सेटवर कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. हुबेहूब जुना कप्तान, म्हणूनच तर याला घेतला, असं जो तो म्हणाला. मलाही तो पहिल्यापासून तसाच आठवतो. मेकअपवाल्याने हे सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "गड्या, तुझं डोकं फिरलंय." तो ढसाढसा रडला. मग मला ओढतच ताईच्या घरी घेऊन गेला.

भिंतीवर एक फोटो होता. पोराचा शाळेतला पहिला दिवस. ताई गुडघ्यांवर बसलीय, तिच्या हातात पोराचा हात. चेहरा तोच, आपल्या हिरोचा, लहानपणचा. मी म्हटलं, "सगळं ठीक तर आहे."

"पोराकडे नको. ताईकडे बघ."

बघितलं.

ताईने हात त्या पोराचाच धरलाय. पण ती त्याच्याकडे बघत नाहीये. ती बघतेय दुसऱ्या बाजूला… चौकटीच्या कडेला… पोराच्याच उंचीवर. आणि मन भरून हसतेय.

तिथे कुणीच नाही रे.