तिसरा पंप

"मावशी, व्हॅन परत उकळली. पेशंट आत बसलेत," भाचा फोनवर म्हणाला. "आज त्या ड्रायव्हरला काढूनच टाकतो."

प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली मावशी अंगणात पोहोचली, तेव्हा डायलिसिसचे पेशंट दुसऱ्या गाडीने गेले होते. जुन्या व्हॅनला टोचन लावून घरी आणलं होतं. इंजिन थंड ठेवणारा वॉटरपंप गेला होता, तोही लागोपाठ तिसरा.

"पाणी न बघता गाडी हाकतो हा," भाचा म्हणाला.

"रोज बघतो, साहेब." ड्रायव्हर म्हणाला.

"किल्ली रात्री कुणाकडे असते?" मावशीने विचारलं.

"साहेबांकडे."

"चालताना काही आवाज?"

"आधी इंजिनचा पट्टा किंचाळायचा. हल्ली गप्प असतो. नुसती घरघर येते."

मावशी चहा करायला आत गेली. साखरेची बरणी उघडेना. नळ पिरगळून पिरगळून त्याचा वायसर गेला होता; टपटप चालूच होती.

"यांनी बंद केलेलं उघडायला पैलवान बोलवावा लागतो," भाचेसून म्हणाली.

मावशी चहा न करताच बाहेर आली, बरणी हातात घेऊन. तिने पट्ट्यावर अंगठा दाबला. पट्टा तसूभर हलला नाही. पट्टा आवळायच्या डायनामोवरच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते. पट्टा उतरवून तिने डायनामोची पुली हलवली. तीही खिळखिळी.

"पाणी कमी पडलं असतं, तर डायनामोचं बेअरिंग का गेलं असतं?" ती म्हणाली. "पंप आणि डायनामो, दोन्हींत सामायिक गोष्ट एकच. हा पट्टा. तो फार ओढला की बेअरिंग झिजतं, मग सील फुटतं, मग पाणी गळतं. पाणी शेवटी जातं, आधी नाही."

"म्हणजे मेकॅनिकने ओढला?"

"मेकॅनिकने एकदा ओढला असता. हे ओरखडे एकावर एक आहेत. जरा ही बरणी उघड."

भाच्याने एका हिसक्यात उघडली. मग झाकणाकडे बघत उभा राहिला.



"पट्टा किंचाळला की पेशंट दचकायचे," तो म्हणाला. "सुईने आधीच हैराण झालेले असतात. म्हणून दर रविवारी जरासा..."

"पट्टा म्हातारा झाला होता. बदलायचा होता, आवळायचा नव्हता."

भाच्याने किल्ली ड्रायव्हरपुढे धरली. "उद्यापासून तुझ्याकडे ठेव."

ड्रायव्हरने ती घेतली, पण हात पुढेच ठेवला.

"पाना पण द्या, साहेब."